बर्फात चालायला शिकताना

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, जळगावच्या माणसानं बर्फावर बोलायचं म्हणजे आगाऊपणाच आहे. आपल्याला बर्फ माहीत आहे तो मासेवाल्याच्या पाटीतला, रसवंतीवर पोत्यात गुंडाळलेल्या लादीचा, नाहीतर शाळेच्या फाटकाशी मिळणाऱ्या लाल-पिवळ्या गोळ्याचा. मे महिन्यात आपला पारा ४५ अंशांवर जाऊन बसतो. हिवाळ्यात तो १० अंशांच्या खाली उतरला की केळीला चरका बसतो आणि आपण कानटोप्या शोधायला लागतो. एवढीच आपली थंडी. तरीही आज मी तुम्हाला बर्फात चालायचं कसं ते सांगणार आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी ते शिकून आलो. शिकलो म्हणजे काय, पहिलीची परीक्षा पास झालो म्हणा.

पण बर्फाआधी थोडं कापसाविषयी सांगावं लागेल. कारण मांडीपर्यंत पांढऱ्यात रुतणं म्हणजे काय, हे मला कापसानं आधीच शिकवलं होतं.

आम्ही पिंजारी. वडिलांचं जळगावात गाद्या-रजया भरण्याचं लहानसं दुकान होतं. त्याआधी ते खांद्यावर पिंजण घेऊन आसपासच्या खेड्यांत फिरत. नव्या मुलांनी पिंजण पाहिलेलं नसेल. ते एक मोठं लाकडी धनुष्यच असतं. त्याला आतड्याची तात ताणून बसवलेली. लाकडी मुठीनं ती तात छेडली की तिच्या थरथरण्यानं कापसाचा गुंता सुटतो, तंतू मोकळे होऊन उडायला लागतात. वडील पिंजायला बसले की खोलीभर पांढरं तरंगत राहायचं. त्यांच्या भुवया पांढऱ्या, दाढी पांढरी, पापण्याही पांढऱ्या. गल्लीत तातेचा टणटण आवाज आला की बायका जुन्या गाद्या बाहेर काढायच्या.

आणि आजोळ धुळ्याजवळ, पांझरेच्या काठचं. नाना कपाशी करायचे. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली होती. मी दहा-अकरा वर्षांचा झालो तोवर खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांच्या रांगा हे हिवाळ्यातलं नेहमीचं दृश्य झालं होतं. कधीकधी नंबर यायला दोन दोन दिवस लागत. गाडीखाली झोपायचं, तिथंच भाकर खायची. पण त्याआधी गाडी भरायची असे, आणि भरताना आम्हा पोरांना काम मिळे ते कापूस तुडवायचं. गाडीला चहूबाजूंनी तट्टे बांधायचे, आत सुटा कापूस ओतायचा आणि पोरांना वर सोडायचं. पहिल्याच उडीला मी मांडीपर्यंत आत जायचो. मामेभाऊ हसायचे. नाना खालून ओरडायचे, "टाच मारू नको! पाऊल सबंध ठेव. कडेकडेनं फिर, मग मध्ये ये." टाच मारली की कापसात नुसता खड्डा पडतो. सबंध पाऊल ठेवलं तर तो नीट बसतो. हे वाक्य मी जवळपास पन्नास वर्षं विसरून गेलो होतो.

आता मुलीकडे येतो. माझी थोरली मुलगी कॅनडात, ओटावा शहरात असते. २०१३ साली ती शिकायला तिकडे निघाली तेव्हा मी नको म्हणालो होतो. कारणं बरीच दिली. परका मुलुख, एकटी पोर, पैशाचं गणित. खरं कारण भीती होतं. मुंबईच्या विमानतळावर तिला सोडायला तिची आई आणि मामा गेले. मी गेलो नाही. सुटी मिळाली नाही, असं सगळ्यांना सांगितलं. मी सुटीचा अर्जच दिला नव्हता.

पुढे तिचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. जावई भला माणूस आहे. नातू सहा वर्षांचा झाला. ती दर दोन-तीन वर्षांनी जळगावला येऊन जायची, "तुम्ही कधी येणार?" विचारायची, आणि मी दरवेळी काहीतरी पुढे करायचो.

त्यात २०२२ च्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली. धुळ्याला मामूंच्या शेतात गेलो होतो. बांधावरून चालताना पाय सटकला, पडताना डावा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पडण्याची भीती राहून गेली. सकाळी मेहरूण तलावाला चक्कर मारायची माझी वीस वर्षांची सवय सुटली. पायरी दिसली की कठडा शोधायचा. नमाज खुर्चीवर बसून पढायला लागलो. गुडघे दुखतात असं सांगायचो, आणि ते दुखतही होते. पण खरी अडचण अशी की जमिनीवर बसलं की पुन्हा जमिनीवरून उठायचं आलं. ते उठणंच नको वाटायचं.

अखेर २०२५ च्या जानेवारीत आम्ही दोघं नवरा-बायको ओटावाला पोहोचलो. मी तीन आठवडे खिडकीतून बर्फ बघितला. बर्फ पडताना आवाज होत नाही. आपला पाऊस पत्र्यावर, पानांवर, छत्रीवर वाजतो. हा नुसता उतरत राहतो, वडिलांच्या खोलीतल्या कापसासारखा. मी वहीत चार ओळी लिहिल्या आणि स्वतःवर खूश झालो. बायको मात्र तोवर नातवाचं बोट धरून कोपऱ्यावरून दूध आणायला लागली होती. फेब्रुवारीच्या मध्यावर तिकडे लागोपाठ दोन मोठी हिमवादळं आली. अंगणातलं बाकडं गाडलं गेलं. मी खिडकी सोडायचं आणखी एक कारण उरलं नाही.

वादळानंतरच्या रविवारी मुलगी म्हणाली, "अब्बा, आज तुम्हाला चालायला न्यायचंय." मी हसलो. ती हसली नाही.

ओटावा नदीच्या पलीकडे, क्विबेक प्रांताच्या हद्दीत गॅटिनो पार्क आहे. पार्क म्हटलं तरी ते आपल्या महात्मा गांधी उद्यानासारखं नाही. साडेतीनशे चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आहे ते, टेकड्या आणि तळी असलेलं. हिवाळ्यात तिथं चालण्याच्या वेगळ्या वाटा आखलेल्या असतात, त्यासाठी पास काढावा लागतो. बर्फावर घसरत जाणाऱ्या स्कीवाल्यांच्या वाटा वेगळ्या. त्यांनी आखून ठेवलेल्या रेघांवर चालणाऱ्यानं पाय ठेवायचा नाही, ही तिथली पहिली शिस्त. मुलीनं वाटेत एका दुकानातून माझ्यासाठी भाड्यानं जोडे घेतले. त्यांना स्नो-शू म्हणतात. मी बर्फजोडे म्हणतो.

हे जोडे आपल्या बुटावरूनच घालायचे असतात. दिसायला एखादी लांबट चाळणी पायाला बांधावी तसे. अॅल्युमिनियमची चौकट, मध्ये जाड कापड किंवा प्लास्टिक ताणलेलं, खाली धातूचे दात. यांचं काम सोपं आहे आणि ते आपल्या जुन्या मापात छान सांगता येतं. माझं वजन ७२ किलो. बुटाचा तळवा साधारण ३०० चौरस सेंटिमीटरचा. चालताना एका वेळी एकाच पायावर भार येतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर २४० ग्रॅम. जवळपास पावशेर. बर्फजोड्याचं क्षेत्रफळ त्याच्या चौपट धरा, म्हणजे तोच भार ६० ग्रॅमवर येतो. पावशेराचा छटाक झाला. माणूस तेवढाच जड असतो, फक्त वजन पसरतं. तरी ताज्या बर्फात वीतभर रुतायला होतंच. पण जोड्याशिवाय मी मांडीपर्यंत गेलो असतो. नानांच्या गाडीतल्यासारखा.

आता चालायचं कसं ते सांगतो.

जोडा घालताना चवड्याचा फुगीर भाग बिजागरीवर येईल असा पाय ठेवायचा आणि पट्टे आवळायचे. टाच मोकळी राहते. पाऊल उचललं की पुढचा भाग वर येतो, शेपटी खाली लोंबते आणि टाचेवर आपटते. फटाक, फटाक. शुक्रवारी मशिदीतून निघताना गर्दीत चुकून दुसऱ्या कुणाच्या मापाच्या मोठ्या चपला पायात याव्यात, तसं पहिली दहा मिनिटं वाटत राहतं. मनात येतं, या परत करून आपल्या घेऊन याव्यात.

पहिली चूक सगळेच करतात आणि मीही केली. आपल्याच एका जोड्यावर दुसरा जोडा ठेवला. पाय उचलायला गेलो तर उचलेना, कारण त्यावर मीच उभा. त्यासाठी पाय थोडे फाकवून चालायचं. फार नाही, नाहीतर जांघा भरून येतात. एक जोडा दुसऱ्याच्या कडेवरून सुटून पुढे जाईल इतकंच अंतर. पाऊल गुडघ्यातून थोडं वर घ्यायचं, पुढे न्यायचं आणि सबंध खाली ठेवायचं. "टाच आधी टेकवू नका," मुलगी म्हणाली. मी थबकलो. हे वाक्य मी कुठं ऐकलं होतं? मग धुळ्याच्या गाडीवरचे नाना आठवले. गंमत बघा, तिथं मला कापूस दाबायचा होता आणि इथं बर्फ दाबायचा नव्हता. दोन्हीकडे पाऊल मात्र तेच लागत होतं.

हातात दोन काठ्या असतात, खाली गोल चकती असलेल्या. उजवा पाय पुढे तेव्हा डावी काठी पुढे. हे मुद्दाम करायला गेलं की चुकतं. विचार सोडला की आपोआप जमतं. कवितेच्या लयीचंही असंच असतं, पण तो विषय आज नको.

कपड्यांची एक गोष्ट मध्येच सांगतो. बाहेर उणे १४ अंश होतं, म्हणून मी घरातून निघतानाच तीन स्वेटर चढवले होते. मुलगी बघून म्हणाली, एक काढा. मी ऐकलं नाही. पंधरा मिनिटांत घामानं बनियन भिजलं आणि थांबलो तसा तो घाम गार झाला. दात वाजायला लागले. त्या थंडीत घाम हा शत्रू आहे, हे आपल्या घामाच्या मुलखातल्या माणसाला पटायला वेळ लागतो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, चालून ऊब येते. असा तिथला हिशेब.

वळायचं कसं? जागा असेल तर लहान लहान पावलांनी गोल घ्यायचा, बैलजोडी बांधाशी आल्यावर वखर उचलून वळवतात तसं, सावकाश. आणि मागे? मागे जायचंच नाही. हा नियम मला नातवानं सांगितला. तो पुढे पुढे उड्या मारत चालला होता, वळून म्हणाला, "नाना, नो बॅकवर्ड्स!" जोड्याची शेपटी मागे असते. मागे पाऊल टाकलं की ती बर्फात घुसते आणि माणूस बसतो.

मी मान डोलावली. पाच मिनिटांनी बायकोनं फोटोसाठी हाक मारली. "जरा मागे सरका, झाड येत नाहीये." चाळीस वर्षांच्या संसाराची सवय. मी मागे सरकलो.

पडताना काही लागलं नाही. बर्फ मऊ होता. पण मी उताणा पडलो होतो, दोन्ही जोडे हवेत, उलट्या झालेल्या भुंग्यासारखा. डावं मनगट छातीशी धरून ठेवलेलं. उठायला म्हणून उजवा हात टेकला तर तो कोपरापर्यंत आत गेला. खाली काही लागेचना. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती सांगायला लाज वाटते. मऊ बर्फात, पोरीबाळींसमोर, दिवसाढवळ्या.

मी मुलीकडे हात केला. ती समोर उभी होती, दोन हातांवर. म्हणाली, "मी हात देणार नाही, अब्बा."

श्रोतेहो, २०१३ साल माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. वाटलं, बारा वर्षांनी हिशेब होतोय. मी काही बोललो नाही. तीच खाली बसली, माझ्या तोंडाशी तोंड आणून समजावायला लागली. "मी ओढलं तर माझे जोडे तुमच्या जोड्यांवर येतील, आपण दोघंही पडू. आणि ओढायला मिळणार तो तुमचा डावा हात. तुम्हीच उठायचं. मी सांगते तसं करा. घाई नाहीये."

तिनं जे सांगितलं ते असं. आधी काठ्यांचे पट्टे मनगटांतून काढायचे. मग एका कुशीवर वळायचं. उतार असेल तर जोडे उताराच्या खालच्या बाजूला येतील असं. वळताना दोन्ही जोडे समांतर ठेवायचे, एकमेकांत अडकू द्यायचे नाहीत. मग पालथं होऊन गुडघ्यांवर यायचं. दोन्ही काठ्या बर्फावर आडव्या, फुलीसारख्या ठेवायच्या आणि फुली जिथं जुळते तिथं हात टेकवायचे. हातांचं वजन काठ्यांवर पसरतं, हात रुतत नाही. काठ्यांनी हातांसाठी तेच केलं जे जोड्यांनी पायांसाठी केलं. मग एक पाय पुढे घ्यायचा, जोडा सबंध टेकवायचा, आणि उभं राहायचं.

पहिल्या खेपेला जोडे एकमेकांत अडकले. दुसऱ्या खेपेला गुडघ्यांपर्यंत आलो आणि बाजूला कलंडलो. तिसऱ्या वेळी मी हात आणि गुडघे टेकून, मान खाली घालून थांबलो. नाकापुढे बर्फ. माझ्या ध्यानात आलं की ही जागा माझ्या ओळखीची आहे. सजद्यात माणूस असाच असतो. हात, गुडघे, कपाळ जमिनीशी, आणि तिथून वर यायचं. लहानपणापासून दिवसातून कितीतरी वेळा मी तिथून उठत आलो होतो. अडीच वर्षं ती वाट मीच बंद करून ठेवली होती. चौथ्या वेळी उठलो. मनगट दुखलं नाही. नातवानं टाळ्या वाजवल्या आणि बायकोनं विचारलं, "आता फोटो काढू का?"

मुलगी सात वर्षांची असताना मी तिला मेहरूण तलावाच्या रस्त्यावर सायकल शिकवली होती. मागचं कॅरिअर धरून पळायचो. एक दिवस न सांगता सोडलं, ती बरीच पुढे गेली, मग वळून बघितलं आणि पडली. हनुवटीला टाके घालावे लागले. ती खूण अजून आहे. तिथं बर्फात, इतक्या जवळून, मला ती बऱ्याच वर्षांनी दिसली.

पुढचं चालणं सोपं झालं असं नाही, पण मी खाली बघणं कमी केलं. चढावर चवडा बर्फात रोवायचा, म्हणजे बिजागरीखालचे दात पकड घेतात. भुसभुशीत बर्फ असेल तर पायरी खोदल्यासारखी जोड्याच्या टोकानं लाथ मारायची, तीवर भार टाकून बघायचा आणि मगच दुसरा पाय उचलायचा. चढ फार उभा असला तर नाकासमोर जायचं नाही, नागमोडी जायचं आणि जोड्याची डोंगराकडची कड उतारात रोवत राहायचं. उतरताना गुडघे सैल, काठ्या पुढे. भीतीनं माणूस मागे रेलतो आणि तिथंच फसतो. मागे रेललं की पायाखालचे दात सुटतात आणि जोडा घसरगुंडी होतो. थोडं टाचेकडे, पण अंग पायांच्या वरच. हे मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. दोन उतार मी सरळ बसून उतरलो. नातवाला ती युक्ती फार आवडली.

आणखी एक रीत मला मनापासून पटली. ताज्या बर्फात पुढे चालणाऱ्याला सगळ्यात जास्त कष्ट पडतात, कारण वाट तो तयार करतो. मागच्यांना दाबलेली, घट्ट वाट मिळते. म्हणून थोड्या थोड्या वेळानं पुढचा माणूस बाजूला होऊन मागे जातो आणि दुसरा पुढे येतो. एका बाजूच्या वाटेवर कुणीच चाललेलं नव्हतं. तिथं मुलगी पुढे, मग जावई, मग बायको पुढे झाली. मलाही पन्नास पावलं मिळाली. मागे माणसं आहेत आणि आपल्या पावलात पाऊल ठेवतायत, हे कळल्यावर पाऊल आपोआप नीट पडतं.

जंगलात मध्ये एक लाकडी निवारा आहे, आत लाकडाची शेगडी पेटलेली. तिथं ओले हातमोजे वाळवत, डब्यातला चहा पीत बसलो. भिंतीवर जुन्या पद्धतीचे बर्फजोडे टांगलेले होते. वाकवलेल्या लाकडाची चौकट आणि आत कच्च्या चामड्याच्या वाद्यांचं बारीक जाळं. मी उठून हात लावून बघितला. ताणलेली वादी बोटानं छेडली. आवाज बारीकसाच आला, पण माझ्या वडिलांची तात मला आठवली. तिकडे हरणाच्या कातड्याची वादी, इकडे जनावराच्या आतड्याची तात. दोन्ही ओली असताना ओढून बसवायची आणि वाळली की ताठ व्हायची. एक बर्फावर चालायला, एक कापूस फुलवायला.

हे जोडे युरोपातून आलेल्या लोकांनी तिथं शोधले नाहीत, ते तिथल्या मूळच्या लोकांचे. गॅटिनोचा तो सगळा परिसरच अल्गोंक्विन लोकांचा. फ्रेंच आले तेव्हा त्यांना ते जाळं टेनिसच्या बॅटसारखं दिसलं, म्हणून फ्रेंचमध्ये या जोड्यांना अजून 'राकेत' म्हणतात. अल्गोंक्विनांची भावकी असलेल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत बर्फजोड्याला 'आगिम' म्हणतात, आणि ज्या झाडाच्या लाकडाची चौकट करायची त्या पांढऱ्या अॅशला 'आगिमाक'. म्हणजे झाडाला नाव मिळालं ते जोड्यावरून. मला हे फार आवडलं. दुःखाची गोष्ट ही की ती झाडं आता एका हिरव्या किड्यानं मरतायत. आशियातून आलेला हा किडा ओटावात २००८ साली सापडला. बोंडअळीनं गेलेली कपाशी बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

युरोपातही हे जोडे जुनेच आहेत. इटलीच्या डोंगरात, हिमनदीत सापडलेला एक बर्फजोडा सुमारे ५८०० वर्षांपूर्वीचा ठरला आहे. बर्च झाडाची काठी वाकवून दोऱ्यांनी बांधलेला. आपल्याकडेही काश्मिरात भाताच्या पेंढ्याचे जोडे वळत, त्यांना पुलहोर म्हणतात. ते रुतणं थांबवत नाहीत, पण घसरू देत नाहीत. माणसाला जिथं जे मिळालं ते त्यानं पायाला बांधलं.

शेगडीपाशी बायको आणि नातू डुलक्या घेत होते, जावई गाडी गरम करायला पुढे गेला होता. मी मुलीला म्हटलं, "तू निघालीस तेव्हा मी विमानतळावर आलो नाही. सुटीचं मी खोटं सांगितलं होतं. अर्ज दिलाच नव्हता."

ती हातमोजा उलटा करून शेगडीजवळ धरत होती. म्हणाली, "अम्मीनं तेव्हाच सांगितलं होतं मला. विमानतळावरच."

बारा वर्षं तिला माहीत होतं. मी पुढे काय बोलणार? तिनं माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

त्यानंतर रमजान सुरू होईपर्यंत आम्ही आणखी दोनदा गेलो. तिसऱ्या वेळी मी एकदाच पडलो. एप्रिलअखेर जळगावला परतलो तेव्हा इथं ४४ अंश होतं. नातू फोनवर विचारायचा, "नाना, तुमच्याकडे स्नो किती?"

जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर मी धुळ्याला गेलो. मामू आता थकलेत, शेत मामेभाऊ बघतो. अडीच-तीन वर्षांत मी त्या बांधावर पाऊल ठेवलं नव्हतं. आपली काळी माती ओली झाली की काय करते, तुम्हाला माहीत आहे. चपलेला चिकटते, तिच्यावर आणखी चिकटते. दहा पावलांत पायाखाली भाकरीएवढा थर तयार होतो. बर्फजोड्यासारखाच रुंद, फक्त शेरभर जड. मी पाय थोडे फाकवले, पाऊल सबंध ठेवत निघालो, हातात तुरीची काठी. अर्धा बांध पार केला आणि त्याच वळणावर पुन्हा सटकलो.

मामेभाऊ हात पुढे करून धावत आला. "थांब," मी म्हटलं, "ओढू नको." कुशीवर वळलो, गुडघ्यांवर आलो, काठी चिखलावर आडवी टाकली, तिच्यावर दोन्ही हात टेकले, एक पाय पुढे घेतला आणि उठलो. कुडता पार गेला होता.

तो बघतच राहिला. म्हणाला, "हे कुठं शिकलास?"

"पोरीकडे," मी म्हटलं.

मग आम्ही पुढची कपाशी बघायला गेलो. चार पानांवर आली होती.